चांदरातीच्या बांगड्या

रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला की पाकिस्तानात घरोघरी टीव्हीसमोर माणसे बसतात. चंद्र दिसल्याची घोषणा करायला तिथे 1974 पासून केंद्रीय रुयत-ए-हिलाल समिती आहे. पण पेशावरच्या कासिम अली खान मशिदीतून अनेकदा वेगळीच घोषणा होते आणि एका देशात दोन ईदी होतात. हा वाद आपल्यालाही काही अनोळखी नाही, तेव्हा तो बाजूला ठेवू.

चंद्र जाहीर झाला की तिथल्या बायका-मुली बाजाराकडे निघतात. लाहोरचे अनारकली आणि लिबर्टी मार्केट, कराचीचा तारिक रोड रात्रभर जागे असतात. जोड्याचा तुकडा पर्समध्ये ठेवून रंग जुळवायचा, एका हातावर मेहंदी काढून घ्यायची आणि दुसऱ्या हातात बांगड्या भरायच्या. कपडे महिनाभर आधी शिवून येतात, सेवयाही घरात असतात. बांगड्या मात्र चांदरातीलाच घ्यायच्या. त्या आधी आणून ठेवल्या तर मजाच काय?

पाकिस्तानातल्या काचेच्या बांगड्यांचे सर्वांत मोठे केंद्र म्हणजे हैदराबाद. हे आपले दख्खनचे हैदराबाद नव्हे. तिथल्या लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्यांची गोष्ट निराळी. हे सिंधमधले हैदराबाद. फाळणीनंतर उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून गेलेल्या कारागिरांनी तिथे हा धंदा उभा केला. घरदार सुटले, पण हातातली कला सरहद्दीवर कोण अडवणार?

बांगडी कारखान्यात पुरी होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भट्टीतल्या वितळलेल्या काचेचा धागा फिरत्या रुळावर गुंडाळला जातो आणि स्प्रिंगसारखे लांब वेटोळे तयार होते. ते उभे कापले की शेकडो कड्या सुट्या होतात. या कड्यांची तोंडे उघडी असतात, शिवाय वरखाली झालेली असतात. इथपर्यंतचे काम बहुतेक पुरुषांचे. पुढे त्या कड्या दोरीने बांधून घराघरांत पोहोचवल्या जातात. या जुडग्याला तिथे ‘तोडा’ म्हणतात.

घरात आधी सधाई होते, म्हणजे कडी आचेवर धरून दोन्ही टोके एका पातळीत आणणे. मग जोडाई, म्हणजे ज्योतीवर टोके वितळवून चिकटवणे. त्यानंतर निवड, रंग, चमकी, सोनेरी काम. यातले बरेचसे काम बायका करतात आणि शाळेतून आलेल्या मुलीही हात लावतात. ज्योत हलली तर जोड बिघडतो, म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. सिंधमधला उन्हाळा, लहानशी खोली, समोर जळता गॅस आणि नजर सारखी त्या ज्योतीवर. डोळे दुखणे, बोटे भाजणे, श्वासाचा त्रास या तक्रारी तिथे घरोघरी ऐकू येतात.

मजुरी तोड्यामागे मिळते आणि ती फार थोडी असते. गॅसचे बिल बहुधा त्या बाईच्याच माथी. जोडताना बांगडी तुटली तर नुकसानही तिचेच. आपण बांगडी फुटली असे म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पण तिच्या हातात फुटली की ती नुसती फुटते. मजुराचा हक्क वेळेवर द्यावा, ही ताकीद आपल्या घरांत लहानपणापासून ऐकलेली असते. इथे तो हक्क मागायचा कुणाकडे, हाच प्रश्न आहे. काम गल्लीतल्या दलालाकडून येते. कारखाना कुणाचा, हे अनेकींना माहीत नसते आणि कारखान्याच्या वहीत त्यांचे नावही नसते.

या बायका संघटित झाल्या, मोर्चे काढले. 2018 मध्ये सिंध विधानसभेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी कायदा केला. पाकिस्तानातला या प्रकारचा हा पहिला कायदा. त्याने या स्त्रियांना कामगार मानले आणि नोंदणी, सामाजिक सुरक्षा व किमान वेतनाचा हक्क दिला. कागदावर तो चांगला आहे. अंमलबजावणी मात्र रखडत चालली आहे, आणि दलाल अजूनही मधेच उभा आहे.

आपल्याकडच्या चांदरातीला बांगडीवाल्याला माल कुठला म्हणून विचारून पाहा. काचेच्या बांगड्या असतील तर बहुधा फिरोजाबादच सांगेल. तिथेही भट्टीतून निघालेल्या कड्या जोडायला घरांतच जातात आणि ज्योतीसमोर बायकाच बसतात.