अबोला आणि तहकुबी

ज्या नवरा-बायकोचे भांडण शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जात नाही त्यांचा संसार सुखाचा, असे समजण्याची आपल्याकडील वहिवाट फार जुनी आहे. आणि म्हणूनच तोंडाने एक अपशब्दही न काढता चार-चार दिवस अबोला धरणाऱ्या माणसाची गणना आपण शांत व सोशिक माणसांत करतो. ही गणना चुकीची आहे, आणि तिच्यापायी कित्येक घरांत निष्कारण दुःख भोगले जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात, आपले पती न्यायमूर्ती रानडे यांच्या मनाविरुद्ध वर्तन घडल्यावर त्यांनी धरलेल्या मौनाची आणि त्या मौनाने आपल्या जिवाच्या झालेल्या तगमगीची हकीकत लिहून ठेवली आहे. ज्या काळी बायकोने हाती पुस्तक धरणे हाच अपराध मानला जाई, त्या काळी अकराव्या वर्षी घरात आलेल्या पत्नीला, घरातील वडीलधाऱ्या बायकांचा विरोध असताही, न्यायमूर्तींनी शिकविले, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. तथापि न्यायासनावर बसल्यावर दुसऱ्या पक्षाची बाजू ऐकल्यावाचून ज्यांनी कोणाविरुद्ध हुकूम फर्माविला नसता, त्या थोर पुरुषालाही स्वतःच्या घरात, कारण न सांगता दिलेली ही शिक्षा अनुचित वाटू नये, यावरून ही रूढी आपल्या अंगी किती खोल मुरली आहे याची कल्पना येते.

राग अनावर झाला असता थांबू नये, असा याचा अर्थ नव्हे. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने वाद घालणाऱ्या दांपत्यांच्या अंगाला यंत्रे जोडून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्याची शक्तीच क्षीण होते, आणि वरून दगडासारखा निश्चल दिसणारा माणूसही आतून पुरता खवळलेला असतो, असे त्याला आढळले. यंत्रात बिघाड झाल्याच्या सबबीवर वाद मध्येच थांबवून त्याने त्यांना अर्धा तास मासिके वाचावयास दिली. त्यानंतर तोच विषय पुन्हा निघाला तेव्हा तीच माणसे अधिक सौम्यपणे बोलू लागली होती. निदान वीस मिनिटे तरी अशी विश्रांती हवी, असे तो सांगतो. आणि त्या वेळात मनातल्या मनात जुन्या अपराधांची उजळणी चालू राहिली, तर ती विश्रांतीच नव्हे.

तेव्हा भांडण दाबून न टाकता तहकूब करावे. तहकुबीला पुढची तारीख असते, अबोल्याला ती नसते. सारा फरक एवढ्यात आहे. “आत्ता मला फार राग आला आहे, जेवणानंतर आपण बोलू,” एवढे वाक्य उच्चारले तरी दुसऱ्याच्या मनातील अनिश्चितता नाहीशी होते. बोलणे पुन्हा सुरू होईल तेव्हा तक्रार घडलेल्या गोष्टीपुरती असावी. विजेचे बिल भरावयाचे राहिले, तर ते राहिले एवढेच म्हणावे, त्यात सासर-माहेरच्या माणसांचा उद्धार करू नये.

स्त्रीच्या अबोल्याचा विचार मात्र निराळा करावा लागतो. जिला बोलण्याचा अधिकारच कोणी दिला नाही, तिच्या हाती दुसरे साधन उरत नाही. अशा घरात प्रथम बदलावयाचे ते ऐकणाऱ्याने. आणि जेथे हात उगारला जातो, तेथे यांतला कोणताही उपदेश लागू नाही. तेथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणे हाच मार्ग, आणि तो धरणाऱ्या स्त्रीला “संसार सांभाळ” म्हणून मागे खेचणाऱ्या नातलगांनी आपली जबाबदारी ओळखावी.

इतर घरांत, ज्याने मुदत मागितली त्यानेच ठरल्या वेळी विषय काढावा, आणि तोही समक्ष. “बाबांना सांग, ताट वाढलंय,” असा निरोप पोचविण्याचे काम लेकरांवर टाकू नये.