जाळं आधी कोरड्यावर, मग पाण्यात

सिद्धेश्वर, इसापूर अन् कयाधूच्या काठची पोरं फेकजाळं शिकतात ती लपूनछपून. पाय घसरला अन् दोरी मनगटाला बांधलेली असली, म्हणजे जाळं पोरालाच ओढतं. त्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली अन् प्लॅस्टिक अंथरलेली तळी शिवारात वाढली. त्या निसरड्या कडेवर पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही.

नुसतं रागावून पोरं ऐकतात होय? मग शिकवाच की! आधी पोहणं. नंतर जाळं, तेही शाळेच्या मैदानावर. जाळं जोरानं नव्हे, कमरेच्या वळणानं उघडतं. घेराच्या शिशाच्या गोळ्या गोल पसरून एकदम जमिनीला टेकल्या, की हात बसला समजा. लहानांनी दोरी बांधायची नाही, हातात धरायची. पावसाळ्यात रोहू, कटला अंडी घालतात. तेव्हा जाळं खुंटीला, हाही त्यातलाच धडा.

शिकवणारे जाणते हात भोई वस्तीत आहेत. सरपंच अन् ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्यांना मानानं बोलवावं, दिवसाचा रोजगार द्यावा. पोराला शोधायला जाळं टाकण्यापेक्षा पोराला जाळं टाकायला शिकवलेलं बरं.