गंधर्वांचें कर्ज आणि गोहरबाईंचा दोष

बालगंधर्वांचें चरित्र सांगण्याची आपल्याकडे एक ठराविक रीत होऊन बसली आहे. पूर्वार्धांत दैवी कंठ, शालू, अत्तर आणि जयजयकार. उत्तरार्धांत एक बाई येते आणि सर्वनाश होतो. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत ही कथा जशी सांगतात, तशीच ती आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील पुसेगावासारख्या गावींही ऐकूं येते. ज्यांनीं बालगंधर्वांना केवळ तबकड्यांवरून ओळखलें, त्यांनाही 'गोहरबाई कर्नाटकींनीं गंधर्वांना बुडविलें' एवढें मात्र पक्कें ठाऊक असतें. ही कथा खोटी आहे, आणि ती सांगणारांस शोभणारी तर मुळींच नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम सनावळीच पाहूं. १८८८ सालीं जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले. १९१३ सालीं त्यांनीं गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. 'स्वयंवर' १९१६ चें, 'एकच प्याला' १९१९ चें. कीर्तीचा कळस तो हाच. पण पुढें टेंबे गेले, बोडसही गेले, आणि १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जाखालीं दबली होती. पोशाख, पडदे, गालिचे यांवर पैसा ओततांना हिशेब पाहण्याचें नारायणरावांना कधीं सुचलें नाहीं, आणि आपणही त्या उधळपट्टीला 'रसिकता' म्हणून टाळ्याच दिल्या. १९३१ सालीं बोलपट आला आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळला. १९३५ सालीं स्वतः बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटांत उभे राहिले. गोहरबाई मंडळींत आल्या त्या यानंतर. ज्या घराचे वासे वाळवीनें आधींच पोखरले होते, त्याच्या पडझडीचा दोष शेवटीं आलेल्या माणसाच्या माथीं मारणें यास न्याय म्हणत नाहींत.

कोणी म्हणेल, बाईंच्या येण्यानें जुनीं माणसें दुरावलीं आणि प्रेक्षक विटले, हें तरी खरें ना? खरें आहे. पण विटण्याचें कारण काय? हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर येऊन गेल्या होत्या. १९३३ सालीं नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत ज्योत्स्नाबाई भोळे यांनीं भूमिका केली होती. स्त्रीची भूमिका स्त्रीनें करावी, हा काळाचा ओघ स्पष्ट झाला होता. पन्नाशीला टेकलेल्या पुरुषानें जन्मभर सुभद्रा आणि रुक्मिणीच राहावें, हा हट्ट गोहरबाईंचा नव्हता. तो आपला होता. पुरुषाच्या अंगावरील शालूला आपण कुलीन म्हटलें आणि खऱ्या स्त्रीच्या अंगावर तोच शालू दिसतांच नाकें मुरडलीं.

दुसरी गोष्ट याहून अवघड. अहमदजान थिरकवा यांच्या तबल्याला आणि कादरबक्ष यांच्या सारंगीला गंधर्व मंडळींत मानाचें स्थान होतें, आणि त्याबद्दल रसिकांना अभिमानच वाटे. मुसलमान कलावंताची साथ चालली. मुसलमान कलावतीचा सहवास मात्र खपला नाहीं. 'धर्मात्म्या'त बालगंधर्वांनीं रंगविले ते पैठणचे एकनाथ, अस्पृश्याच्या घरीं जेवणारे. पडद्यावरील नाथांपुढें हात जोडावयाचे आणि नाथांची भूमिका करणारानें परधर्मीय स्त्रीला आपली म्हटलें कीं त्याला भ्रष्ट ठरवावयाचें! ज्या जिल्ह्यांत नामदेवांची नर्सी आहे, तेथील माणसांनीं तरी हा दुटप्पीपणा ओळखावयास हवा.

पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या दुःखाविषयीं कोणी बोलेल, तर तें आम्ही आदरानें ऐकूं. तें दुःख खरें होतें. पण त्याचा जाब एकट्या परक्या बाईला विचारून नारायणरावांना निष्पाप बालक ठरविणें, हा लक्ष्मीबाईंचाही सन्मान नव्हे.

फ्रान्समधील गायक-नट मोरीस शेव्हालिए हेही १८८८ चेच. मिस्तँगेत या ज्येष्ठ गायिकेच्या जोडीनें त्यांचें नांव झालें, आणि तिचें ऋण त्यांच्या चरित्रांत उघडपणें नोंदलेलें असतें. बोलपट येतांच शेव्हालिए अमेरिकेस गेले आणि १९२९ च्या 'द लव्ह परेड' पासून तेथें गाजले. ते ज्या वेषांत रंगभूमीवर उभे राहत, त्याच वेषांत पडद्यावरही उभे राहूं शकले. आपण आपल्या गायक-नटाला फक्त शालूंत पाहावयाचें ठरविलें होतें. पडद्यावर दाढीमिशा लावून ते आले तेव्हां आपल्याला ते ओळखीचे वाटले नाहींत. फरक दोन देशांच्या कंठांत नव्हता, दोन देशांच्या प्रेक्षकांत होता.

उत्तरायुष्यांत बालगंधर्वांचे पाय लुळे पडले. १९५५ चें राष्ट्रपतिपदक आलें, १९६४ चें पद्मभूषण आलें. पण रोजची उठबस पदकांनीं होत नसते. जयजयकार करणारे घरोघर गेले होते. त्या पंगू माणसाची सेवा गोहरबाईंनीं केली. त्या १९६४ सालीं वारल्या, ते १९६७ सालीं.

तेव्हां यापुढें ज्यांना हें चरित्र सांगावयाचें असेल, त्यांनीं कर्जाचा हिशेब सालवार मांडावा, प्रेक्षकांचा वांटा प्रेक्षकांच्या नांवें लिहावा, आणि गोहरबाईंच्या खात्यावर त्यांची सेवाही जमा करावी. एवढें करवत नसेल त्यांनीं गंधर्वांच्या तबकड्या खुशाल ऐकाव्या. चरित्र मात्र सांगूं नये.