कारागिराची दिवाळी आणि कंपनीची भेट

दिवाळीच्या सुमारास मोठ्या कंपन्या आपल्या नोकरवर्गाला व ग्राहकांना भेटी देतात, ही प्रथा जुनी आहे. मिठाईचे डबे, सुका मेवा, स्टीलची भांडी, भिंतीवरची घड्याळे हे तिचे परिचित रूप. अलीकडे मात्र ते पालटू लागले आहे. बांबूच्या टोपल्या, हातमागाची उपरणी, बचतगटातील स्त्रियांनी शिवलेल्या कापडी पिशव्या आता भेटीदाखल येतात आणि सोबतच्या चिठ्ठीवर पर्यावरण, ग्रामीण कारागीर व स्त्रियांचे सबलीकरण यांचा गौरव छापलेला असतो.

या बदलाकडे समाजवादी कार्यकर्त्यांनी कसे पाहावे? काहींना हा भांडवलदारांचा निव्वळ देखावा वाटतो, तर काहींना गांधीविचाराचा उशिरा झालेला विजय. दोन्ही मते घाईची आहेत.

हा हृदयपालट नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. सेबीने 2022-23 पासून शेअर बाजारातील आघाडीच्या 1000 कंपन्यांना आपल्या सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल देणे सक्तीचे केले. छोट्या उत्पादकांकडून किती माल घेतला, हेही त्यात सांगावे लागते. अशा काळात कारागिराच्या हातची वस्तू आणि तिचे छायाचित्र कंपनीला उपयोगी पडते.

परंतु देणाऱ्याचा हेतू कोणताही असो, कारागिराला काम हवे आहे. 2019-20 च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे 35 लाख लोक या व्यवसायात आहेत, त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून कितीतरी अधिक आहे, आणि सुमारे दोन तृतीयांश हातमाग कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्याही आत आहे. ज्या घरात महिन्याला पाच हजार येत नाहीत, त्या घराला भांडवलशाहीची मागणी नाकारण्याचा उपदेश करणे हा क्रूर विनोद होईल. प्रश्न मागणी घ्यावी की नाही हा नाही. ती कोणत्या अटींवर यावी, हा खरा प्रश्न आहे.

आणि अटींचे चित्र निराशाजनक आहे. कंपनीचा खरेदी विभाग भाद्रपदात जागा होतो आणि आश्विनात माल मागतो. पश्चिम महाराष्ट्रातील सणगर विणकर घोंगडी विणतो, तेव्हा लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावी लागते आणि ती वाळण्यास ऊन लागते. कोल्हापुरी चपलेचे कामही पावसाळ्यात मंदावते. ज्या महिन्यांत हाताचे काम संथ चालते, नेमक्या त्याच महिन्यांत शेकडो नगांची घाई होते. मग कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो, त्यासाठी कर्ज काढावे लागते, आणि मालाचे पैसे येतात संक्रांत उलटल्यावर. समजा, एखाद्याने दरमहा तीन टक्के व्याजाने एक लाख रुपये उचलले आणि बिल चार महिन्यांनी चुकते झाले, तर बारा हजार रुपये व्याजातच गेले. कंपनीची दिवाळी कारागिराच्या उसनवारीवर साजरी झाली, असाच याचा अर्थ.

यावर कायदा नाही असे नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे बिल फार तर 45 दिवसांत चुकते व्हावयास हवे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. 2023 च्या वित्त कायद्याने तर असे थकवलेले बिल प्रत्यक्ष फेडले जाईपर्यंत त्याची करसवलतही रोखली. पण हे संरक्षण नोंदणी असलेल्या उत्पादकाला मिळते. घरी बसून चपलेची वेणी वळणारी स्त्री कोणत्याच नोंदवहीत नसते. तिच्या आणि कंपनीच्या मध्ये व्यापारी उभा असतो, आणि हल्ली त्याच्या पाटीवर कधी कधी ‘सामाजिक उद्योग’ असेही लिहिलेले असते. खरोखर सचोटीने चालणाऱ्या अशा संस्था आहेत, त्यांचा आदरच आहे. परंतु पाटीवरून पारख करता येत नाही. विक्रीच्या रुपयातील किती पैसे काम करणाऱ्या हातात पडले, एवढा एकच प्रश्न विचारावा आणि त्याचे लेखी उत्तर मागावे.

वारली चित्रांचे उदाहरण बोलके आहे. लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनी काढावयाची ही चित्रे 1970 च्या दशकात कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोहोचली. 2014 मध्ये या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. आज तीच माणसे, तोच तारपानृत्याचा फेर यंत्राने कपांवर छापून भेट म्हणून वाटला जातो. कारागिराची कला तेथे आहे, कारागीर मात्र नाही.

या प्रश्नाचे समाजवादी उत्तर आपल्याच परंपरेत सापडते. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या नेत्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी 1948 मध्ये इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन उभारली आणि 1952 पासून अखिल भारतीय हस्तकला मंडळाचे नेतृत्व केले. कारागिराला दयेचा विषय न मानता त्याच्यासाठी बाजार, सहकार आणि शासन यांची सांगड घालावी, ही त्यांच्या कामामागील दृष्टी होती. केंद्र सरकारने ऑगस्ट 2020 मध्ये ते मंडळ बरखास्त केले. ज्या व्यासपीठावर कारागिरांचे प्रश्न शासनापुढे मांडता येत, ते गेले आणि त्याची जागा कंपन्यांच्या औदार्याने घ्यावी, अशी अपेक्षा आहे. हक्काची जागा औदार्य कधीच भरून काढू शकत नाही.

मात्र कंपन्यांना जाब विचारण्यापूर्वी आपले घर तपासावयास हवे. महाराष्ट्रात सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, नोकरदारांच्या सोसायट्या यांपैकी अनेक संस्था सभासदांना वार्षिक भेट देतात. त्यांच्या संचालक मंडळांवर आपले साथी आहेत. त्या भेटींच्या निविदा कोणाला जातात? आपल्या सभांतून सत्काराला जी शाल दिली जाते, ती कोणत्या मागावरची असते? कृत्रिम धाग्याची, यंत्रावरची, घाऊक बाजारातील स्वस्तातली स्वस्त शाल खांद्यावर घालून श्रमप्रतिष्ठेवर भाषण करणे आता पुरे झाले.

काय करता येईल, हे अवघड नाही. प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी कारागिरांची यादी करावी, त्यांना उद्यम नोंदणी करून द्यावी आणि शक्य तेथे त्यांची सहकारी संस्था उभारावी. आपल्या प्रभावाखालील संस्थांनी भेटवस्तूंची मागणी दिवाळीच्या तोंडावर न देता उन्हाळ्यातच द्यावी. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, उरलेली माल पोहोचताच. दर ठरविताना घरातील स्त्रियांच्या श्रमाचे तासही धरावेत. हीच चार कलमे घेऊन कामगार संघटनांनी आपापल्या कंपन्यांच्या व्यवस्थापनाकडे जावे. बोनसच्या वाटाघाटीत भेटवस्तूचा विषय निघतोच, तेथे ती वस्तू कोणाच्या हातची आणि त्याला किती मिळाले, हेही विचारता येईल.

यामुळे वस्तू महाग होईल, असा आक्षेप येईल. होईल, आणि काही ठिकाणी दोन वस्तूंऐवजी एकच द्यावी लागेल. आज ती स्वस्त आहे, कारण तिच्या किमतीतील एक हिस्सा विणकराच्या घरातील चूल भरते आहे. तो हिस्सा खरेदीदाराने उचलावा, एवढेच मागणे आहे. औद्योगिक कामगार आणि गावचा कारागीर यांना एकमेकांपासून दूर ठेवण्यात भांडवलाचे हित आहे. ते अंतर तोडण्याची संधी दिवाळीच्या एका साध्या भेटीतही दडलेली आहे. ती घ्यावयाची असेल, तर काम येत्या दिवाळीला नव्हे, येत्या उन्हाळ्यात सुरू व्हावयास हवे.