गोठवलेला गर्भ शिळा नसतो

केशोरीहून (ता. अर्जुनी मोरगाव) एका आजींनी विचारले आहे : नागपूरला सुनेची स्त्रीबीजे काढली, प्रयोगशाळेत गर्भही तयार झाले; पण डॉक्टरांनी ते लगेच गर्भाशयात न सोडता गोठवून ठेवले. ताजे असताना का सोडले नाहीत? शिळ्याला गुण कसा येणार? आजींनी पुढे लिहिले आहे की, सुनेतच काही उणे असेल अशी कुजबुज घरात सुरू झाली आहे. म्हणून हे उत्तर सर्व घराने एकत्र वाचावे.

शिळेपणा हा स्वयंपाकघरातला शब्द आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंश तापमानाला, गर्भातील सर्व जैविक हालचाल थांबते. तो जुना होत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून जन्मलेली मुलगी ताज्या रोपणाची होती. त्याआधी, 1978 मध्ये, कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी जी बालिका जन्माला आणली, ती मात्र त्यांच्या नोंदींनुसार गोठवलेल्या गर्भापासून झालेली!

लगेच रोपण टाळण्याचे मुख्य कारण सुनेची सुरक्षितता हे असते. स्त्रीबीजे वाढविण्याच्या इंजेक्शनांना काहींची बीजांडे अतिशय जोरात प्रतिसाद देतात. पीसीओएस असलेल्या तरुण स्त्रियांत हे विशेष दिसते. बीजांडे सुजतात, रक्तातील द्रव पोटात झिरपतो, रक्त दाट होऊन गुठळी होण्याची भीती निर्माण होते. अशा वेळी गर्भ राहिला, तर गर्भधारणेचे संप्रेरकच या विकाराला खतपाणी घालते आणि तो लांबतो. म्हणून गर्भ थांबवायचा, आईला सावरू द्यायचे. कधी गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते, आत मांसांकुर आढळतो, अथवा प्रोजेस्टेरॉन वेळेआधीच वाढून अस्तर आणि गर्भ यांचा मेळ चुकतो. तेव्हाही थांबणेच बरे.

आपल्या पूर्व विदर्भात आणखी एक कारण संभवते, ते म्हणजे सिकलसेल. पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. गर्भाची जनुकीय तपासणी करायची झाल्यास अहवाल येईपर्यंत बहुधा तो गोठवावाच लागतो.

याचा अर्थ ताजे रोपण वाईट, असा मुळीच नाही. बीजांचा प्रतिसाद बेताचा, अस्तर चांगले आणि प्रकृती स्थिर असेल, तर ते योग्यच. वेळ आणि फेऱ्याही वाचतात. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत गोठवलेल्या गर्भाचे निकाल सरस असल्याचे 2016 च्या एका मोठ्या चिनी अभ्यासात दिसले. पाळी नियमित असलेल्या स्त्रियांत 2018 च्या चीन व व्हिएतनाममधील अभ्यासांत तसा फरक आढळला नाही. शिवाय गोठवलेल्या गर्भाच्या गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास काहीसा अधिक दिसतो, त्यामुळे तपासण्या चुकवू नयेत. सरसकट सर्वांचे गर्भ गोठविण्याची प्रथा मला पटत नाही. कारण विचारावे, आणि ते नीट सांगितले जावे.

आजी, तूर्त एवढे पाहा. स्त्रीबीजे काढल्यानंतरच्या दोन आठवड्यांत सुनेचे पोट झपाट्याने फुगले, वजन दिवसाला किलोभर वाढले, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गावाहून अंतर मोठे आहे; वाहनाची सोय आणि डॉक्टरांचा क्रमांक आधीच हाताशी ठेवावा. किती गर्भ, कोणत्या दिवशी गोठवले याचा कागद जपून ठेवावा. 2021 च्या कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत जपता येतात. पुढचे रोपण बहुधा एकदोन पाळ्यांनंतर होईल.