झडती आणि जाहीरनामे

शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले तर काय करायचे? बादलीभर पाणी ओतायचे, जिला गरज असेल तिला पॅड द्यायचे, पोटात दुखत असेल तर घरी सोडायचे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेने मुलींची झडती घेतली. तक्रारीनुसार, पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात बोलावून त्या डागांचे फोटो पडद्यावर दाखवले, पाळी कुणाची चालू आहे ते विचारले आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांना आत नेऊन कपडे उतरवून तपासले. पाचवीची मुलगी म्हणजे दहा वर्षांची. पाळी म्हणजे काय, हे आईने अजून सांगितलेही नसेल तिला. शाळेने ते असे शिकवले!

9 जुलै 2025 ला संतप्त पालक शाळेवर धडकले. 1993 साली याच तारखेला भारताने महिलांविषयीचा भेदभाव संपवण्याचा ‘सीडॉ’ हा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला होता. पुढे 1995 ची बीजिंगची जागतिक महिला परिषद, 2015 ची शाश्वत विकास उद्दिष्टे, 2024 मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत थेट मासिक पाळीच्या स्वच्छतेवरचा ठराव. कागदाला तोटा नाही. 28 मे हा पाळी स्वच्छता दिनही आपण फलकाशेजारी फोटो काढून साजरा करतो. ठराव करणाऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न सही करून परतलेल्यांचा आहे. 2020 मध्ये भुजच्या वसतिगृहात मुलींची अशीच झडती झाली, तेव्हा देश हळहळला. हळहळण्यापलीकडे काय झाले?

शहापूरच्या प्रकरणात अटक झालेली मुख्याध्यापिका बाईच, तपासणारी कर्मचारीही बाईच. आम्हाला याचीच अधिक चीड आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये देशातले पहिले महिला धोरण आणले, 2024 मध्ये चौथे. खुर्चीत बाई बसली की सक्षमीकरण झाले, असा हिशेब आपण इतकी वर्षे मांडत आलो. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा लागला ते योग्यच. पण मुलींच्या अंगाला हात घालण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे या बायकांना वाटलेच कसे?

खऱ्या सक्षमीकरणाचे उदाहरण जवळच आहे. शेजारच्या मुरबाडमध्ये फांगणे गावात 2016 च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या साठी-सत्तरीच्या बाया पाटी घेऊन बसल्या, सही करू लागल्या. त्यासाठी गावाला संयुक्त राष्ट्रांची वाट पाहावी लागली नाही. पण त्यांच्या नातींच्या शाळांचे काय? पाण्याचेच घ्या: भातसा, तानसा ही धरणे शहापूरचीच. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. नळ कोरडा असेल तर पॅडवाटपाचे फोटो काय कामाचे?

शिक्षण विभाग आता परिपत्रक काढेलच. त्याऐवजी त्याने शहापूर-मुरबाडमधल्या प्रत्येक शाळेची यादी लावावी: मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, नळाला पाणी येते का, आणि पॅडच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते. यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीने पंचायत समितीच्या दारावर लागली पाहिजे, आणि तीही याच महिन्यात.