फुटला माल कोणाचा ?

पट्टी येते, तींत रक्कम कापलेली असते, आणि कापलेल्या आंकड्यापुढें दोन शब्द असतात : 'माल खराब.' एवढ्यावर शेतकऱ्याच्या घरचा चार महिन्यांचा घाम वाहून जातो. माल कोठें खराब झाला, कोणीं पाहिला, किती पाहिला, हें विचारण्याची चालच आमच्यांत नाहीं. आम्ही नशिबाला बोल लावितों आणि पुन्हां त्याच दुकानीं माल भरतों. नशिबाचा येथें कांहीं संबंध नाहीं, बंधूंनो ! येथें संबंध आहे तो कागदाचा.

१९३० सालचा मालविक्रीचा कायदा आजही चालू आहे. त्याचें म्हणणें साधें आहे : ज्याची मालकी त्याची जोखीम. ठरल्या भावानें माल विकला, घेणाराकडे पोंचविण्यासाठीं तो मोटारवाल्याच्या किंवा रेल्वेच्या स्वाधीन केला, आणि त्यावर आपला हक्क राखून ठेविला नाहीं, तर सामान्यतः मालकी तेथेंच पालटते. मग वाटेंत कुंभाराचीं मडकीं फुटोत कीं नाशिकचीं द्राक्षें दबोत, ठरलेली किंमत व्यापाऱ्यानें चुकती केलीच पाहिजे. त्याचें भांडण त्यानें वाहतूकवाल्याशीं मांडावें. पण भाव चढला असतां फुटका माल मुकाट्यानें ठेवून घेणारे हेच शेटजी भाव उतरला कीं चांगल्या मालांतही डाग पाहूं लागतात !

आतां आपल्याही अंगावर कांहीं आहे, तें लपवून चालणार नाहीं. नाजूक माल नाजूक म्हणून न सांगतां, चार पैसे वांचविण्यासाठीं भलत्या मोटारींत घातला, तर 'मला पोंच मिळालीच नाहीं' असें म्हणण्यास घेणारा मोकळा आहे. बिल्टी आपल्याच नांवें ठेविली, तर पैशांची शाश्वती राहते खरी, परंतु मालकीबरोबर जोखीमही आपल्याच गळ्यांत राहते. आणि 'माल पोंचेपर्यंत जोखीम विकणाराची' अशा ओळीखालीं सही केली, तर कायदा त्या सहीला मान देतो. ही ओळ बहुधा छापील कागदाच्या तळाशीं, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. तेथें अंगठा उठविण्यापूर्वीं शाळेंत जाणाऱ्या पोराकडून ती वाचवून घ्या.

आडत्याची गोष्ट निराळी. तो माल विकत घेत नाहीं, आपल्या वतीनें विकतो. सबब वाटेंतली जोखीम आपली. पण तो आपला मुखत्यार ठरतो, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें मागतांच हिशेब दाखविणें त्यास भाग आहे. किती पेट्या उतरल्या, किती फेंकल्या, उरलेल्या कोणत्या भावानें गेल्या, हें विचारणें म्हणजे उद्धटपणा नव्हे.

राहिला वाहतूकवाला. १८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ चा रस्ते वाहतुकीचा कायदा आला. दाव्यांत वाहतूकवाल्याची हयगय शाबीत करण्याचें ओझें मालवाल्यावर नाहीं, ही सवलत जुन्या कायद्यांत होती, नव्यांतही आहे. परंतु २०११ च्या नियमांनीं भरपाईला भाड्याच्या दहापट अशी मर्यादा घातली. भाडें दोन हजार दिलें आणि ऐंशी हजारांचा माल गेला, तर हातीं येणार फार तर वीस हजार. अधिक जोखमीचा दर आधीं भरला असेल तरच जास्त. हें बुकिंगच्या वेळीं कोणता कारकून आपण होऊन सांगतो ? दाव्यापूर्वीं लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आंत. फेऱ्या मारावयास लावून हे दिवस कसे संपवितात, हें आम्ही पाहत आलों आहों.

रेल्वेंतही हाच खेळ. 'मालकाच्या जोखमीवर' हा दर स्वस्त म्हणून घेतला, तर रेल्वेची हयगय आपणांस दाखवावी लागते. तेथें नोटिशीची मुदत सहा महिन्यांची.

आमची मागणी एवढीच आहे. दोन्हीं दर आणि भरपाईची मर्यादा प्रत्येक बुकिंग कचेरीच्या भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लावा. गांवोगांवच्या सोसायट्यांनींही आपला स्वतःचा विक्रीचा कागद छापावा, आणि त्यांत जोखीम कोणाची ही ओळ सर्वांत वर घालावी.